फाटका स्पीकर, खराब ट्रान्झिस्टर आणि टिकणारी गाणी

१९६९ साल म्हटलं की रॉकवाले लगेच वुडस्टॉकचा संगीत महोत्सव काढतात, लेड झेपेलिनचे पहिले दोन अल्बम त्याच वर्षीचे, बीटल्सचा अ‍ॅबी रोड त्याच वर्षीचा, आणि मग पुढचं वाक्य ठरलेलं असतं, की तेव्हा बघा काय म्युझिक होतं आणि आता बघा काय चाललंय. पण त्या वर्षी अमेरिकेत, लोकप्रिय गाण्यांच्या याद्या छापणाऱ्या बिलबोर्ड मासिकाच्या वार्षिक यादीत एक नंबरला कोण होतं माहितीये? शुगर शुगर. आर्चीज नावाच्या बँडचं गाणं, आणि हा बँड मुळात खरा नव्हताच, कार्टूनमधली पोरं होती ती, गाणं गायलं स्टुडिओत पैसे घेऊन गाणाऱ्या लोकांनी. म्हणजे ज्याला आपण सोन्याचा काळ म्हणतो त्या काळातही पब्लिक मजेत बबलगम पॉप, म्हणजे हलकीफुलकी गोडगोड गाणी, ऐकत होतं आणि त्यातलं बहुतेक आज कुणाला आठवतही नाही.

त्यामुळे 'आजची गाणी क्लासिक रॉकसारखी टिकतील का' या भांडणात पहिली गडबड इथेच होते, की एका बाजूला पन्नास वर्षांच्या चाळणीतून उरलेला माल आणि दुसऱ्या बाजूला आज बाजारात आलेलं सगळंच्या सगळं. संशोधक याला सर्व्हायवरशिप बायस म्हणतात. आणि ही चाळणी काही आपोआप फिरली नाही बरं का, ८० च्या दशकात अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांनी ठरवून 'क्लासिक रॉक' हा कार्यक्रमांचा साचा बनवला, कारण कॉलेजात असताना झेपेलिन ऐकणारी पोरं आता कमावती झाली होती आणि जाहिरातदारांना तेच गिऱ्हाईक हवं होतं, मग त्यांची तीच ठराविक दोन-चारशे गाणी दिवसरात्र वाजवायची. आता त्याच स्टेशनांवर ९० च्या दशकातला निर्वाणा बँड पण लागतो, म्हणजे चाळणी अजून फिरतेच आहे.

पण एवढं बोलून रॉकवाल्यांना गप्प करता येत नाही, कारण त्यांच्या बाजूने एक चांगला पुरावा आहे. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये एक अभ्यास छापला. १९४० ते २०१५ या काळात चार्टच्या टोकाला गेलेली १५२ गाणी घेतली आणि ६४३ लोकांना, त्यात बहुतेक तरुण, त्यातल्या काही गाण्यांचे छोटे तुकडे ऐकवून विचारलं, ओळखता का? २००० ते २०१५ मधली गाणी अपेक्षेप्रमाणेच, जितकं जुनं तितकं कमी ओळखलं. पण त्याच्या मागे गेलं की घसरण थांबली. १९६० पासून थेट ९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत एक पठार लागलं, म्हणजे १९६८ चं गाणं आणि १९९५ चं गाणं पोरं साधारण सारख्याच प्रमाणात ओळखत होती, यांच्यातले कित्येक जण तेव्हा जन्मलेही नव्हते. आणि १९६० च्या आधी पुन्हा खाली, पण जरा हळूहळू, ४० च्या दशकातली बरीचशी एक नंबरची गाणी तर जणू कधी झालीच नव्हती.

आता हे पठार नीट बघा, कारण सगळा वाद त्याच्यावरच आहे. नवीन गाणी आत्ता घसरतायत हे नॉर्मल आहे, सामूहिक विसरण्यावर २०१९ मध्येच आलेल्या आणखी एका अभ्यासात दिसलं की गाण्यांच्या बाबतीत तोंडातोंडी चर्चेचा पहिला टप्पा सरासरी पाच-सहा वर्षांत संपतो, त्यानंतर विसरण्याचा वेग कमी होतो. प्रश्न एवढाच, की २०१० नंतरची गाणी घसरत घसरत त्या पठारावर येऊन थांबणार की पठार फोडून ४० च्या दशकातल्या गाण्यांसारखी खाली जाणार.

यातला थोडा भाग मेंदूचा आहे. १९८९ मध्ये होलब्रुक आणि शिंडलर या दोघांनी १०८ लोकांना १९३२ ते १९८६ मधली २८ गाणी ऐकवून आवड मोजली, तर माणसाला सगळ्यात जास्त आवडतात ती गाणी साधारण त्याच्या २३-२४ व्या वर्षी हिट झालेली. त्या वयातल्या आठवणी एकूणच पक्क्या बसतात, तेव्हा 'आमच्या वेळची गाणी भारी' हे प्रत्येक पिढी म्हणणार आणि प्रत्येक पिढी प्रामाणिकपणे म्हणणार. पण मग विशीतली पोरं आजीआजोबांच्या वेळची गाणी का ओळखतात? अमेरिकेतल्या कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या कॅरल क्रमहान्सल यांनी २०१३ मध्ये साधारण वीस वर्षांच्या ६२ विद्यार्थ्यांवर हेच बघितलं. १९५५ ते २००९ मधली दर वर्षाची टॉपची दोन गाणी ऐकवली, तर त्यांची स्वतःच्या वयाची गाणी वर आलीच, शिवाय ८० च्या दशकाच्या सुरुवातीला एक उंचवटा निघाला, जो त्यांचे आईबाप तरुण असतानाचा, आणि ६० च्या दशकात अजून एक छोटा उंचवटा. म्हणजे गाणी घरातून वारशाने येतात, कारमध्ये, स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी बाबांनी लावलेल्या डेकवर.

दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे गाणं लोकांपर्यंत कुठल्या नळीतून पोचतं. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सुलिव्हनच्या टीव्ही शोवर आले तेव्हा अमेरिकेत ७ कोटी ३० लाख लोक तो कार्यक्रम बघत होते, जवळपास ४० टक्के देश, एकाच रात्री, एकच गोष्ट. मोजकी टीव्ही चॅनेल्स, मोजकी रेडिओ स्टेशनं, त्यामुळे आवडो न आवडो सगळ्यांच्या कानावर तेच. आज स्ट्रीमिंग सेवांवर दिवसाला एक लाखाच्या आसपास नवे ट्रॅक चढतात आणि प्रत्येकाच्या फोनमधली यादी वेगळी.

नळी अरुंद असली की त्यातून पुढे येणारं गाणं सगळ्यात चांगलंच असतं असं मात्र नाही. सालगॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी २००६ मध्ये सायन्स नावाच्या नियतकालिकात छापलेला प्रयोग भन्नाट आहे. १४,३४१ लोक, अनोळखी बँडची ४८ गाणी. काही लोकांनी कुणाचं काही न बघता गाणी निवडली, बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगांत' टाकलं, तिथे त्यांना फक्त आपल्या जगातल्या इतरांनी काय डाउनलोड केलं ते दिसायचं. अगदी उत्तम गाणी सहसा आपटली नाहीत आणि अगदी टुकार सहसा वर गेली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. ५२ मेट्रो नावाच्या बँडचं एक गाणं स्वतंत्र मतांनुसार २६ वं होतं, म्हणजे धड चांगलं नाही धड वाईट नाही, ते एका जगात पहिलं आलं आणि दुसऱ्या जगात चाळिसावं. आपल्याकडे इतिहास एकदाच घडतो म्हणून आपल्याला वाटतं की जे टिकलं ते टिकणारच होतं.

बरं, हे झालं आठवणीचं. पण प्रभाव म्हणजे फक्त किती लोकांना चाल आठवते एवढंच का? मला विचाराल तर खरा प्रभाव त्या आवाजात असतो जो पुढचे लोक उचलतात आणि वापरत राहतात, गाणं कुठलं होतं ते विसरलं तरी. रॉकचा असा आवाज म्हणजे गिटारचं डिस्टॉर्शन, मुद्दाम फाटका केलेला आवाज. १९६४ मध्ये किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या (अ‍ॅम्प्लिफायरच्या) स्पीकरचा पडदा ब्लेडने चक्क फाडला आणि त्या खरखरीत आवाजात यू रिअली गॉट मी वाजवलं.

त्यात नेमकं काय होतं ते बघण्यासारखं आहे. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात ते म्हणजे आपले सा आणि प, गंधार गायब. समजा सा ११० हर्ट्झचा आणि प १६५ चा. साध्या स्वच्छ आवाजात हे दोनच ऐकू येतात, पण स्पीकर फाटला किंवा अ‍ॅम्प झेपणार नाही इतका ताणला की तो लहरींचे शेंडे छाटून टाकतो, आणि या छाटण्यात दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्या तयार होतात. १६५ वजा ११० म्हणजे ५५, हा बरोबर खालच्या सप्तकातला सा. १६५ अधिक ११० म्हणजे २७५, आणि हा निघतो वरच्या सप्तकातला शुद्ध गंधार, जो कुणी वाजवलाच नव्हता! म्हणून दोन बोटांत वाजणारी ती कॉर्ड एवढी जाडजूड ऐकू येते. आणि गिटारवर खरा गंधार दाबून डिस्टॉर्शन दिलं तर उलट चिखल होतो, कारण पाश्चात्त्य ट्यूनिंगमधला गंधार जरासा चढा असतो, मग वजाबाकीतून येणारे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत.

आता नव्या बाजूला बघा. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ नावाचं ड्रम मशीन काढलं. कंपनीचे संस्थापक काकेहाशी यांनी त्यात मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरले, कारण त्यांच्या खरखरीतून झांजेसारखी चुरचुर मिळायची. त्याचा बेस ड्रम तर कुठल्याच खऱ्या ड्रमसारखा वाजत नाही, तो म्हणजे एका सर्किटमधून निघणारा खूप खालचा, हळूहळू विरत जाणारा हुंकार. मशीन चाललं नाही, जेमतेम १२ हजार नग काढून १९८३ मध्ये बंद. मग सेकंडहँड बाजारात ते स्वस्तात मिळायला लागलं आणि पैसे नसलेल्या हिपहॉपच्या पोरांच्या हातात पडलं. आज हिपहॉपमधला ट्रॅप हा प्रकार म्हणून जे काही वाजतं त्याचा पाया हाच हुंकार आहे.

ऑटोट्यूनचं तसंच. अँडी हिल्डेब्रँड हा माणूस तेलाच्या शोधासाठी जमिनीतून परतणाऱ्या लहरींचा अभ्यास करणारा, तेच गणित त्याने गळ्याला लावलं आणि १९९७ मध्ये सॉफ्टवेअर आलं. काम एवढंच, की बेसूर गेलेला स्वर गुपचूप जागेवर आणायचा. १९९८ मध्ये शेर नावाच्या अमेरिकन गायिकेच्या बिलीव्ह या गाण्यात तो दुरुस्तीचा वेग एकदम टोकाला नेला आणि आवाज रोबोटसारखा उड्या मारायला लागला (निर्मात्यांनी सुरुवातीला युक्ती लपवायला भलत्याच यंत्राचं नाव सांगितलं होतं म्हणे). पुण्याच्या एमसी स्टॅन या रॅपरचा कुठलाही ट्रॅक लावा, या दोन्ही गोष्टी ऐकू येतील. नाकं मुरडणारे मुरडोत, पण फाटक्या स्पीकरलाही तेव्हाच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आवाजच म्हटलं होतं, संगीत नाही.

आवाजाच्या पातळीवर हे मोजलंय पण. लंडनच्या माउच आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १९६० ते २०१० मधली बिलबोर्डच्या हॉट १०० या आठवड्याच्या यादीतली सुमारे १७ हजार गाणी कॉम्प्युटरकडून तपासून घेतली, सूर कसे बदलतात, आवाजाचा पोत कसा आहे वगैरे. त्यात तीन क्रांत्या दिसल्या, १९६४, १९८३ आणि १९९१. सगळ्यात मोठी कुठली? १९९१ ची, रॅप आणि हिपहॉप चार्टवर आलं ती. आणि १९६४ च्या क्रांतीबद्दल त्यांचं म्हणणं असं, की ब्रिटिश बँड येण्याआधीच ते बदल सुरू झाले होते, बीटल्स-रोलिंग स्टोन्स त्या लाटेवर स्वार झाले, लाट त्यांनी आणली नाही. माझी एक शंका आहे, १९९१ च्या नोव्हेंबरात बिलबोर्डने हॉट १०० साठी मोजण्याची पद्धतच बदलली, दुकानदारांच्या तोंडी आकड्यांऐवजी बारकोडचे आकडे आले, त्यामुळे आधीपासून खपणारं रॅप अचानक दिसायला लागलं असंही असेल. तरी एवढं नक्की, की 'रॉकनंतर काही घडलंच नाही' हे आकड्यांत बसत नाही.

आणि नुसता आवाज भारी असून भागत नाही, याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. चरणजित सिंग, हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक, यांनी १९८२ मध्ये हेच ८०८ आणि रोलँडचंच टीबी-३०३ हे बेसचं यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. आज ऐकलं तर शप्पथ अ‍ॅसिड हाऊस, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, वाटतं, जे शिकागोत फ्युचर नावाच्या ग्रुपने १९८७ च्या रेकॉर्डमधून जगाला दिलं असं मानतात. पाच वर्षं आधी! पण रेकॉर्ड खपली नाही, शिकागोत कुणी ऐकली नाही, प्रभाव शून्य. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा कुठे बोलबाला झाला आणि सत्तरीच्या घरात असलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन कार्यक्रम करायला लागले. २०१५ मध्ये ते गेले.

तर माझं मत असं, की बीटल्ससारखी सगळ्या देशाला एकदम पाठ असलेली गाणी आता होणं अवघड आहे आणि त्यात आजच्या गाणाऱ्यांचा दोष नाही, ती नळीच राहिली नाही. टेलर स्विफ्टच्या इराज टूरने २ अब्ज डॉलरच्या वर कमाई केली तरी तिचं एकही गाणं न ऐकलेला माणूस आरामात सापडतो. पण आवाजाच्या हिशोबात हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी रॉकची बरोबरी कधीच केलीय.

नव्या गाण्यांची खरी अडचण वेगळीच आहे. १९७० मधल्या पोराला १९३० ची गाणी मिळायचीच नाहीत, आजच्या पोराला सगळं एका बोटावर. अमेरिकेत २०२१ मध्ये एकूण ऐकण्यापैकी सुमारे ७० टक्के वाटा जुन्या गाण्यांचा होता. अर्थात तिथे जुनं म्हणजे १८ महिन्यांपेक्षा जुनं, त्यामुळे लगेच हंबरडा फोडायला नको. पण केट बुशचं १९८५ चं गाणं एका वेब सिरीजमुळे २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, आणि पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या क्वीनची गाणी सोनीने २०२४ मध्ये अब्जभर पौंडांना घेतली अशी बातमी होती. द वीकेंड या गायकाचं ब्लाइंडिंग लाइट्स, स्पॉटिफायवर सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं, ते २०१९ चं असूनही त्यातला सिंथेसायझरचा आवाज पक्का ८० च्या दशकातला आहे. म्हणजे नवं गाणं भांडतंय ते शेजारच्या नव्या गाण्याशी नाही, गेल्या साठ वर्षांच्या सगळ्या चाळलेल्या मालाशी.

२०१५ मध्ये जी पोरं पंधरा वर्षांची होती ती आता आईबाप व्हायला लागतील, आणि क्रमहान्सल यांची ती चाचणी २०४५ च्या आसपास परत घेतली तर कळेल केंड्रिक लमार, बिली आयलिश यांचा उंचवटा येतो का. मला वाटतं यावा. फक्त हे आईबाप गाणी ऐकतात ती कानात इअरबड्स घालून, मग घरातल्या पोरांच्या कानावर ती पडणार कधी?