पार्श्वभूमी : ‘संस्कृती-उद्योग’ ते ‘माध्यम साक्षरता’

माध्यमांच्या चिकित्सक अभ्यासाचा उगम सामान्यतः १९२३ साली फ्रँकफुर्ट येथे स्थापन झालेल्या संशोधन संस्थेपर्यंत नेला जातो. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यानंतर तेथील अभ्यासक जिनिव्हामार्गे न्यूयॉर्कला गेले, हा भाग परिचित आहे. या टिपणासाठी महत्त्वाचा आहे तो त्यांच्यापैकी दोघांनी, माक्स होर्कहायमर आणि थिओडोर आडोर्नो यांनी, पुढे लॉस एंजेलिसमध्ये, हॉलिवूडच्या शेजारी राहत असताना केलेला एक शब्दबदल. ‘जनसंस्कृती’ हा मसुद्यातील शब्द काढून त्यांनी ‘संस्कृती-उद्योग’ असा शब्द योजला. हे लेखन १९४४ मध्ये चक्रमुद्रित स्वरूपात आणि १९४७ मध्ये आम्स्टरडॅम येथून पुस्तकरूपाने बाहेर आले.

या बदलाचे कारण आडोर्नो यांनी १९६३ मध्ये जर्मन रेडिओवरील व्याख्यानात सांगितले. ‘जनसंस्कृती’ म्हटले की ती लोकांमधून आपोआप उगवलेली, लोककलेचेच आधुनिक रूप असलेली गोष्ट आहे असा समज होतो, आणि तो त्यांना टाळायचा होता. मात्र ‘उद्योग’ हा शब्द शब्दशः घेऊ नये, हेही त्यांनी त्याच वेळी बजावले होते. वस्तूंचे साचेबद्ध होणे आणि वितरणाचे काटेकोर व्यवस्थापन एवढेच त्यातून सुचवायचे होते. श्रमविभागणीच्या बाबतीत चित्रपट कारखान्याच्या पुष्कळ जवळ जात असला तरी इतर अनेक प्रकारांत निर्मिती वैयक्तिकच राहते, याची त्यांना जाणीव होती. नंतरच्या टीकाकारांनी ही पुस्ती बहुधा वगळली आणि प्रेक्षकाला निव्वळ बळी ठरवणारा सिद्धांत म्हणून त्याची संभावना केली. मराठीत आणखी एक अडचण येते : ‘उद्योग’ या शब्दाला आपल्याकडे उद्यमशीलतेची, कष्टाची प्रतिष्ठा आहे, त्यामुळे मूळ शब्दातील थंडपणा अनुवादात उतरत नाही.

१९६४ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे सुरू झालेल्या संस्कृती-अभ्यास केंद्राने प्रेक्षकाला पुन्हा अर्थ लावणारा माणूस मानले. १९७३ मध्ये तेथे मांडले गेले की पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ पाहणारा स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा तो उलटा वाचतो. शाळेत माध्यमे शिकवण्याला यातून भक्कम आधार मिळाला.

दुसरा धागा ‘साक्षरता’ या शब्दाचा, आणि तो ब्राझीलचा आहे. १९६३ मध्ये ईशान्य ब्राझीलमधील अंजिकोस येथे सुमारे ३०० प्रौढांना अवघ्या ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. निरक्षरांना तेथे तेव्हा मताधिकार नव्हता, म्हणून अक्षरओळख हीच थेट सत्तेच्या वाटणीची बाब होती. १९६४ च्या लष्करी उठावानंतर प्रयोगकर्त्या शिक्षकाला तुरुंगात टाकले गेले आणि पुढे देश सोडावा लागला. ‘साक्षरता’ या शब्दाला लोकशाही शिक्षणात जे वजन आहे ते अशा प्रसंगांतून आलेले आहे.

१९८२ मध्ये म्युनिकजवळच्या ग्रुनवाल्ड येथे १९ देशांच्या प्रतिनिधींनी माध्यमशिक्षणाचा जाहीरनामा एकमताने संमत केला. माध्यमांच्या सामर्थ्याचा निषेध किंवा गौरव करण्याऐवजी त्यांचा प्रभाव मान्य करून शिक्षण उभारावे, असा त्याचा सूर होता. शिक्षकांना त्यामुळे वाट मिळाली, हे खरे. तरीही मालकी कोणाची, जाहिरातीचा पैसा काय घडवतो, हे प्रश्न पुढच्या अनेक अभ्यासक्रमांत मागे पडले आणि ‘साक्षरता’ म्हणजे खबरदारीचे वैयक्तिक कौशल्य असा अर्थ रूढ होत गेला, ही या इतिहासातील सर्वांत महाग पडलेली घसरण आहे. लॉस एंजेलिसमधील काही अध्यापकांनी २००० नंतर ‘चिकित्सक’ हे विशेषण आग्रहाने जोडले ते याच कारणाने : विद्यार्थ्याने बातमी खरी की खोटी एवढेच पाहून थांबू नये, ती कोणाच्या लाभाची आहे आणि तिच्यात कोणाचा आवाज नाही हेही विचारावे, आणि स्वतः माध्यमनिर्मितीही करावी.

फिनलंडने २०१६ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात ‘बहुसाक्षरता’, म्हणजे शब्द, चित्र, ध्वनी अशा अनेक रूपांतील मजकूर समजण्याची आणि घडवण्याची क्षमता, सर्व विषयांत विणली. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने साडेचार कोटींहून अधिक मासिक वापरकर्ते असलेल्या ऑनलाइन मंचांवर, कोणाला काय दाखवायचे हे ठरवणाऱ्या शिफारस-प्रणालींसह त्यांच्या सेवांतून नागरी चर्चेला आणि निवडणुकांना पोहोचू शकणारा धोका तपासण्याची जबाबदारी टाकली. संघाच्याच कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीच्या २०२४ च्या कायद्यातील साक्षरतेविषयीची तरतूद २ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झाली. तीत साक्षर करायचे होते ते अशा प्रणाली बनवणाऱ्या आणि वापरात आणणाऱ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांना.