‘±०.५ टक्के’ म्हणजे प्रत्येक रीडिंगला अर्धा टक्का नव्हे

समज असा: मल्टिमीटरवर (व्होल्टेज वगैरे मोजणाऱ्या मीटरवर) ±०.५ टक्के अचूकता लिहिली असेल, तर कुठल्याही रीडिंगमध्ये त्याहून जास्त चूक नसते.

मॅन्युअलमधली ओळ पूर्ण वाचा. ती बहुधा ±(रीडिंगच्या ०.५ टक्के + ३ डिजिट) अशी असते. ‘डिजिट’ म्हणजे त्या रेंजवर (मोजणीच्या निवडलेल्या कमाल मर्यादेवर) दिसणाऱ्या शेवटच्या अंकातला एकाचा फरक, आणि गोम तिथेच आहे. ६००० काउंटचा (स्क्रीनवर साधारण ६००० पायऱ्या दाखवणारा) मीटर ६०० व्होल्ट डीसी रेंजवर ०.१ व्होल्टपर्यंत दाखवतो, म्हणजे ३ डिजिट झाले ०.३ व्होल्ट. या रेंजवर ५ व्होल्टचा सप्लाय मोजला तर ०.०२५ + ०.३ = ०.३२५ व्होल्ट, म्हणजे साडेसहा टक्के! तोच सप्लाय ६ व्होल्ट रेंजवर मोजा: ०.०२५ + ०.००३ = ०.०२८ व्होल्ट, जेमतेम ०.५६ टक्के.

पडताळायला नवा पेन्सिल सेल पुरे. ‘रेंज’ बटण दाबून ऑटो-रेंज (मीटरने स्वतः रेंज निवडणे) बंद करा आणि दोन्ही रेंजवर मोजा. एकीकडे १.५८७ दिसेल, तर दुसरीकडे १.६ किंवा १.४सुद्धा, मीटर बिघडलेला नाही.

एसीची ओळ वेगळी असते, तीही बघा. शिवाय हे आकडे बहुतेकदा २३ ±५ अंश सेल्सिअससाठी असतात. अनेक मॅन्युअलमध्ये त्यापुढच्या प्रत्येक अंशाला मूळ मर्यादेच्या ०.१ पट वाढ धरलेली असते. मे महिन्यात नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंश असतील, तर २८च्या वरचे १० अंश धरून मर्यादा थेट दुप्पट.