वकिलाचा इतिहास-प्रयोग (ठाणे)

स्थानिक इतिहास लिहिणाऱ्या वकिलाने ऐतिहासिक व्यक्तीचा वेश घेऊन तिच्याच तोंडून केलेले एकपात्री निवेदन. पगडी, अंगरखा, हातात एखादा कागद. नेपथ्य जवळजवळ नाहीच, त्यामुळे शाळेचे सभागृह किंवा गणेशोत्सवाचा मांडवही पुरतो. हा प्रकार व्याख्यान आणि नाटक यांच्या मधला आहे. कीर्तनाचा उत्तररंग आणि बहुरूप्याचे सोंग हे त्याचे जुने नातलग. वकिली, इतिहास आणि रंगभूमी एका माणसात एकवटणे मराठीला नवे नाही. न. चिं. केळकर (१८७२–१९४७) साताऱ्यात वकिली करत होते. पुढे त्यांनी ‘मराठे व इंग्रज’ लिहिले आणि सदाशिवरावभाऊंच्या तोतयावर नाटकही. वेशाबाबत एक गंमत आहे. समारंभाचे प्रसंग सोडले तर कोर्टाबाहेर वकिली गाऊन आणि गळ्यातली पांढरी पट्टी (बँड) घालायला बार कौन्सिलचा नियम आड येतो. पेशवाई पगडीला तो लागू नाही.

ठाण्याला हा प्रकार विशेष मानवतो, कारण इथला मुख्य ऐतिहासिक अवशेष पाहायला मिळत नाही. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला किल्ला पुरा होण्याआधीच, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. डिसेंबर १७७४ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. आज त्याच्या तटाआड मध्यवर्ती कारागृह आहे. रायगडावर गाइड बोट दाखवून सांगतो, इथे ती सोय नाही. जे सांगायचे ते भिंतीबाहेर उभे राहूनच.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांची सुटका हा म्हणूनच या प्रयोगांचा हुकमी विषय ठरतो. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील (दूत) गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. त्या प्रकरणी इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून त्रिंबकजींना मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहारा गोऱ्या शिपायांचा. सांगतात की खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा एक मोतद्दार मराठीत गाणी म्हणे. पहारेकऱ्यांना त्यातले अक्षरही कळत नसे, आणि पळण्याचा बेत त्या गाण्यातूनच आत पोचला. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्रिंबकजी निसटले. १८१८ मध्ये पुन्हा सापडल्यावर त्यांना उत्तरेत चुनारच्या किल्ल्यात पाठवण्यात आले.

इथे लेखकातला वकील जागा व्हायला हवा. १८२५ मध्ये या भागातून गेलेले बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी ते गाणे इंग्रजी पद्यात दिले आहे: घोडे पंचावन्न, माणसे चोपन्न, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनचे दिवस पालटतील. घटनेनंतर नऊ वर्षांनी, परक्या भाषेत नोंदवलेली ही ऐकीव गोष्ट कोर्टात उभी राहणार नाही. रंगमंचावर ती उत्तम उभी राहते, पण मोतद्दाराच्या तोंडी घातलेले मराठी शब्द प्रयोगकर्त्याचे असतात आणि ते त्याने सांगायला हवे. जुन्या कागदांचेही तेच. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला, तर त्यावरची सही-अक्षर खरे धरायला पुराव्याचा कायदा मुभा देतो. मजकूर खरा असल्याची हमी देत नाही. सनदा, इनामपत्रे आणि फेरफार रोज चाळणाऱ्याला हा फरक अंगवळणी पडलेला असतो. हौशी इतिहासलेखक तिथेच घसरतो. १८८२ चे ठाणे गॅझेटियर आणि गो. स. सरदेसाईंनी ४५ खंडांत संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागद हे वकील-प्रयोगकर्त्याचे नेहमीचे भांडवल.

अनंत कान्हेरे यांच्यावरचा प्रयोग याहून अवघड. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या २१ डिसेंबर १९०९ च्या वधाचा खटला मुंबई उच्च न्यायालयात चालला. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. इथे कोर्टाचे कामकाज मागे असल्याने कल्पनेला मोकळे रान नाही. शिवाय ऐन विशीही न गाठलेल्या मुलाची भूमिका पन्नाशीच्या वकिलाने करायची म्हणजे प्रेक्षकांची परीक्षाच. शहाणा प्रयोगकर्ता अशा वेळी कान्हेरे होत नाही, खटल्यातला वकील होतो.