संलग्न हक्क

संलग्न हक्क : रचनाकाराच्या प्रताधिकाराला (कॉपीराइटला) लागून असलेले, ती रचना लोकांपर्यंत पोचवणाऱ्यांचे हक्क. त्यांचे धनी तीन : गायक-वादक-नटांसारखे कलावंत, ध्वनिमुद्रण काढणारे निर्माते आणि प्रसारण संस्था.

उदाहरण सांगली जिल्ह्यातलेच घेऊ. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे शाहीर पठ्ठे बापूराव १९४५ मध्ये वारले. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार टिकतो. म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या लावण्या २००६ पासून सर्वांच्या झाल्या. कवलापूरच्या तमाशा फडाने त्या गायल्या तरी कुणाची परवानगी लागत नाही. पण तीच लावणी एखाद्या गायिकेने आज आकाशवाणीच्या सांगली केंद्रात (स्थापना १९६३) गायली, की मोकळ्या शब्दांवर नवी कुलपे चढतात. गायनावर गायिकेचे ५० वर्षांचे, ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यास त्यावर निर्मात्याचे ६० वर्षांचे, प्रसारणावर केंद्राचे २५ वर्षांचे.

यांत कलावंताचे कुलूप सर्वांत उशिरा आले. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याने रेडिओला हक्क दिला, रेडिओवर गाणाऱ्याला नाही. १९७८ मध्ये देव आनंद यांच्याशी संबंधित खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने चित्रपटातील अभिनयावर नटाचा प्रताधिकार नसल्याचा निर्वाळा दिला. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताला २५ वर्षांचा हक्क मिळाला, १९९९ मध्ये तो ५० वर्षांचा झाला आणि २०१२ मध्ये त्यात मानधनाचा वाटा व नाव लावून घेण्याचा हक्क यांची भर पडली. व्याख्येत गायक-नर्तकांबरोबर कसरतपटू, जादूगार, एवढेच काय गारुडीही आहे. सोंगाड्याचे नाव नाही, पण ‘प्रयोग करणारी अन्य कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत तो बसतो. अर्थात सुपारी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या फडाला हा हक्क बजावायचा तर लेखी करार हवा, आणि तमाशाचा व्यवहार बहुधा तोंडीच चालत आला आहे.

आंतरराष्ट्रीय पातळीवर या तिन्ही हक्कांना १९६१ च्या रोम कराराने किमान २० वर्षांची हमी दिली. प्रसारकांना ती अपुरी वाटते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या जिनीव्हातील प्रताधिकार समितीत १९९८ पासून स्वतंत्र प्रसारण कराराची चर्चा चालू आहे. क्रिकेटचा सामना रंगात असताना सिग्नल चोरून दाखवला तर मोजलेले पैसे बुडतात, ही प्रसारकांची तक्रार खोटी नाही. मात्र जुन्या मसुद्यांनी त्यावर ५० वर्षांचा हक्क मागितला. सिग्नल तर क्षणात विरतो. मग ही मालकी कशावरची, हा विरोधकांचा प्रश्न बिनतोड आहे. वरच्या लावणीसारख्या सर्वांच्या झालेल्या रचनेचे प्रसारणही त्याने ५० वर्षे कुलपात जाईल. भारताचा आग्रहही करार सिग्नलपुरता आणि पारंपरिक प्रसारणापुरता ठेवण्याचा राहिला आहे. पाव शतक उलटूनही करार मसुद्यातच आहे.

त्याच समितीत ग्रंथालयांची मागणी उलट दिशेची : हक्कांबरोबर अपवादही आंतरराष्ट्रीय करारात लिहून द्या. तिला आतापर्यंत एकच ठोस यश आले. अंध व छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी ब्रेल, ध्वनी इत्यादी रूपांत प्रती करू देणारा माराकेश करार २०१३ मध्ये झाला. त्याला सर्वांत आधी, २०१४ मध्ये, मान्यता देणारा देश भारत. सर्वसाधारण ग्रंथजतनासाठी असा करार नाही, जो तो देश आपले पाहतो.

भारतात २०१२ पासून बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी पुस्तकाची डिजिटल प्रत ठेवता येते. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रतीही काढता येतात. पहिल्या सवलतीला एक अट आहे : मूळ, बिगरडिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले आणि सांगली नगर वाचनालयातील हजारो ग्रंथ भिजले. ज्यांचा लगदा झाला, त्यांच्यापुरती ही सवलत वापरण्याची वेळ पूर येण्याआधीचीच होती.