एका मेगाटनामागे माणसं किती?

सत्तरच्या दशकात जून उजाडला की पुण्यातल्या कितीतरी घरांत 'सोव्हिएत लँड'चे जुने अंक बाहेर निघायचे. कागद गुळगुळीत, चित्रं रंगीत, वह्यांना कव्हर घालायला त्यासारखं दुसरं काही नाही. माझ्या भूगोलाच्या वहीवर दोन वर्षं गागारिन हसत होता. पुढे कॉलेजात अप्पा बळवंत चौकातून 'मीर'ची पुस्तकं आणली, पेरेलमानपासून इरोडॉव्हपर्यंत, तीही वडापावच्या हिशोबात बसतील अशा किमतीला. या सगळ्या ऐवजात आंद्रेई सखारोव्ह हे नाव मला एकदाही भेटलं नाही.

ते भेटलं फार नंतर, गणेशखिंडीत आयुकातल्या एका व्याख्यानात. विश्वाच्या आरंभीच्या महास्फोटात द्रव्य आणि त्याचं उलटं रूप असलेलं प्रतिद्रव्य सारखंच निर्माण झालं असेल, तर आज नुसतं द्रव्यच का उरलं, असा विषय होता. वक्त्यांनी फळ्यावर 'सखारोव्हच्या अटी, १९६७' असं लिहून खाली तीन ओळी मांडल्या. शेजारचे गृहस्थ कुजबुजले, "हे नोबेलवालेच ना?" तेच. फक्त नोबेल भौतिकीचं नव्हे, शांततेचं. आणि त्याआधीची ओळख हायड्रोजन बॉम्बची.

त्यांचा जन्म १९२१ सालचा, मॉस्कोतला. वडील भौतिकशास्त्राचे शिक्षक. १९४८ मध्ये इगोर ताम यांच्या गटात त्यांना बॉम्बच्या कामावर घेतलं. घेतलं म्हणजे विचारून नव्हे. पुढची बरीच वर्षं सारोव्ह या नकाशावर नसलेल्या गावात गेली. विखंडनाच्या (अणुकेंद्र फुटण्याच्या) आणि संमीलनाच्या (अणुकेंद्रं जुळण्याच्या) इंधनाचे एकाआड एक थर लावायची युक्ती त्यांची. रशियन पावाच्या थराथरांच्या पदार्थावरून तिला 'स्लोइका' म्हणत. १२ ऑगस्ट १९५३ ला तिचा स्फोट झाला, सुमारे ४०० किलोटनचा, म्हणजे चार लाख टन टीएनटी स्फोटकाइतका. बत्तिसाव्या वर्षी ते विज्ञान अकादमीचे पूर्ण सदस्य झाले आणि पुढे 'समाजवादी श्रमाचे वीर' हा किताब त्यांना तीनदा मिळाला. तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, चुंबकीय क्षेत्रात कोंडून धरायची, म्हणजे टोकामॅकची कल्पनाही ताम आणि त्यांचीच. गांधीनगरचं 'आदित्य' यंत्र त्याच कुळातलं.

असा माणूस सरकारच्या विरोधात गेला तो राजकारणातून नाही, असं माझं मत आहे. तो गेला हिशोबातून.

२२ नोव्हेंबर १९५५ ची चाचणी १.६ मेगाटनची, म्हणजे १,६०० किलोटनची होती. लांबच्या एका वस्तीत निवारा कोसळून दोन वर्षांची मुलगी गेली, खंदकात एक सैनिक गेला. संध्याकाळी मेजवानी झाली. पहिलं बोलायचा मान सखारोव्ह यांचा होता. आपली अस्त्रं अशीच चाचणीच्या मैदानावर फुटोत, शहरांवर कधी न फुटोत, एवढंच ते बोलले. त्यावर चाचणीचे लष्करी प्रमुख मार्शल नेदेलिन यांनी एक चावट गोष्ट ऐकवली. म्हातारा देवापुढे बसून म्हणतो, मला ताठ कर आणि वाट दाखव. म्हातारी म्हणते, तुम्ही ताठपणाचं तेवढं मागा, वाट मी दाखवते. लोक हसले. अर्थ उघड होता: बनवायचं तुम्ही, टाकायचं कुठे ते आम्ही बघू. आठवणींत सखारोव्ह यांनी हा प्रसंग लिहून ठेवलाय, आणि ती कोपरखळी त्यांना किती लागली तेही.

तीन वर्षांनी, १९५८ मध्ये, त्यांनी एक शोधनिबंध छापला. बॉम्ब 'स्वच्छ' असला, म्हणजे बहुतांश ऊर्जा संमीलनातून आलेली असली, की धोका नाही, असं तेव्हा अमेरिकेत सांगितलं जात होतं. सखारोव्ह यांनी स्फोटातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनचं पुढे काय होतं ते पाहिलं. हवेत नायट्रोजन भरपूर. न्यूट्रॉन त्यावर आदळला की किरणोत्सारी कार्बन-१४ तयार होतो. तो कर्बवायूतून झाडात, झाडातून धान्यात, धान्यातून आपल्या अंगात येतो, आणि निम्मा व्हायलाच साडेपाच हजारांहून जास्त वर्षं घेतो. प्रत्येकाला मिळणारी किरणोत्साराची मात्रा क्षुल्लक, पण माणसं अब्जावधी आणि काळ हजारो वर्षांचा. अमुक मात्रेखाली अपाय शून्य, असा उंबरठाच नाही असं धरून त्यांनी गुणाकार केला. निव्वळ या कार्बनपायी एका मेगाटनामागे सुमारे ६,६०० माणसं, ८,००० वर्षांत पसरलेली. कोण मेलं ते कधीच कळणार नाही, अशी. निबंध अमेरिकेवर उलटवण्यासारखा होता, म्हणून मॉस्कोनेही तो छापू दिला. पण हिशोबाला देश नसतो. तोच आकडा घरच्या बॉम्बलाही लागू होता.

१० जुलै १९६१ च्या बैठकीत सोव्हिएत नेते ख्रुश्चॉव्ह यांनी चाचण्या पुन्हा सुरू होणार असल्याचं जाहीर केलं. सखारोव्ह यांनी बसल्या जागेवरून विरोधाची चिठ्ठी पुढे पाठवली. जेवणाच्या टेबलावर ख्रुश्चॉव्ह यांनी सगळ्यांदेखत त्यांची हजेरी घेतली: राजकारण आमच्यावर सोडा, सखारोव्हसारख्यांचं ऐकलं तर मी पंतप्रधान कसला, शेळपटच ठरेन! त्याच ऑक्टोबरात ५० मेगाटनचा बॉम्ब फुटला. १९५८ च्या हिशोबाने ३,३०,००० माणसं. आणि तो बनवणाऱ्यांत सखारोव्ह स्वतः होते. हे झाकून त्यांची गोष्ट सांगितली तर ती आरती होते.

१९६२ मध्ये एकाच कामासाठी दोन चाचण्या ठरल्या. त्यातली एक त्यांच्या मते निव्वळ अनावश्यक. ती टाळायला त्यांनी थेट ख्रुश्चॉव्हपर्यंत फोन केले. चाचणी झालीच. त्या दिवशी टेबलावर डोकं टेकून आपण रडलो, असं त्यांनी लिहिलंय. पुढच्या वर्षी हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी घालणारा मॉस्को करार झाला. त्याला आपला हातभार लागला याचं त्यांना समाधान होतं.

१९६४ मध्ये अकादमीत, आनुवंशिकीशास्त्र नाकारणाऱ्या आणि सरकारच्या मर्जीतल्या लिसेंकोचे सहकारी नुझ्दिन यांची निवड व्हायची होती. आपल्या शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयातली मुलं पिकांच्या उगमकेंद्रांच्या धड्यात ज्यांचं नाव शिकतात, ते निकोलाय वाविलोव्ह लिसेंकोच्या सद्दीतच १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात मेले. सखारोव्ह यांनी भर सभेत उठून नुझ्दिनना विरोध केला आणि नुझ्दिन पडले. १९६८ मध्ये प्रगती, शांततामय सहजीवन आणि वैचारिक स्वातंत्र्यावरचा त्यांचा निबंध कार्बन कागद लावून टंकलेल्या प्रतींतून देशात फिरला आणि जुलैत 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये आला. गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले. पुढच्याच महिन्यात सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले.

नोबेल जाहीर झालं ते ऑक्टोबर १९७५ मध्ये. तेव्हा आपल्याकडे आणीबाणी होती, तिला मॉस्कोचा जाहीर पाठिंबा होता, आणि येरवडा स्थानबद्धांनी भरलेलं होतं. आमच्या गल्लीतले एक मास्तरही त्यात होते. १० डिसेंबरला ऑस्लोत पुरस्कार घेतला पत्नी येलेना बॉन्नर यांनी. सखारोव्ह यांना देशाबाहेर पडू दिलं नव्हतं. ते त्या दिवशी व्हिल्नियसला जीवशास्त्रज्ञ मित्र सेर्गेई कोवाल्योव्ह यांच्या खटल्यासाठी कोर्टाच्या दारात उभे होते. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला उभं केलं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला मात्र त्या नेहमी एकत्रच आठवतात.

अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्ध बोलल्यावर २२ जानेवारी १९८० ला त्यांना उचलून गोर्कीला ठेवलं. परदेशी माणसाला त्या शहरात प्रवेशच नव्हता. तळमजल्यावरचा फ्लॅट, दारात पोलीस, घरात फोन नाही. आठवणींचं हस्तलिखित दातांच्या दवाखान्यातून चोरीला गेलं, नव्याने लिहिलेलं गाडीतून गेलं, त्यांनी पुन्हा लिहिलं. उपोषणं केली तर जबरदस्तीने अन्न भरवलं गेलं. मॉस्कोतल्या लेबेदेव्ह भौतिकी संस्थेच्या सैद्धांतिक विभागाने मात्र त्यांचं नाव पटावरून काढलं नाही. सहकारी शोधनिबंध घेऊन गोर्कीला जात. फ्लॅटचा पत्ता होता २१४, गागारिन मार्ग.

१५ डिसेंबर १९८६ ला रात्री अचानक माणसं येऊन फोन बसवून गेली. दुसऱ्या दिवशी त्यावर गोर्बाचॉव्ह बोलले: मॉस्कोला या. सखारोव्ह यांनी आभार मानले आणि लगेच मार्चेन्को यांचा विषय काढला. हा राजकीय कैदी आठवड्यापूर्वीच तुरुंगात मेला होता. २३ तारखेला सकाळी जोडपं रेल्वेने मॉस्कोला उतरलं. मंगळवार होता. लेबेदेव्ह संस्थेत मंगळवारी सेमिनार असतो. दुपारी सखारोव्ह तिथे जाऊन बसले.