लॉगबुकातले दोनशे तास

बेळगावजवळ सांबऱ्याच्या शिवारात उभे राहिले की एखादे छोटे विमान धावपट्टीला टेकते, न थांबता पुन्हा उडते आणि चौकोनी फेरी मारून परत येते, असे दृश्य तासभर दिसू शकते. हा विद्यार्थी वैमानिकाचा ‘सर्किट’चा सराव असतो. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने देशातील ज्या पाच विमानतळांवर नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांना जागा दिली, त्यांत जळगाव आणि कलबुर्गीबरोबर बेळगावही होते. त्यामुळे निपाणी-खानापूरकडच्या पालकांनाही आता हे शिक्षण कसे पारखावे हे समजून घेण्याची गरज आहे.

भारतात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यांपैकी १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतः घेऊन उडावे लागते. तास मोजणे सोपे असते, कौशल्य मोजणे अवघड. सकाळच्या शांत हवेतल्या फेऱ्या आणि आडव्या वाऱ्यात विमान सावरत केलेली उतराई या दोन्हींची लॉगबुकात सारखीच नोंद होते, आणि प्रशिक्षणातील खरी त्रुटी मला इथेच दिसते.

सांबरा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. विमानशास्त्रात तुलनेसाठी ठरवलेल्या सरासरी हवेच्या, म्हणजे ‘प्रमाण वातावरणा’च्या हिशेबाने या उंचीवर तापमान १० अंशांच्या आसपास असायला हवे, परंतु एप्रिलच्या दुपारी ते ३५ अंशांवर जाते आणि तापलेली हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती धावपट्टी जणू सुमारे १,७०० मीटर उंचीवर सरकते. समुद्रसपाटीच्या तुलनेत हवेची घनता तेव्हा १५ टक्क्यांच्या आसपास कमी असते. इंजिनाची शक्ती घटते, पंख्याचा ओढा कमी पडतो, आणि वेगदर्शकाचा काटा नेहमीच्याच आकड्यावर असला तरी जमिनीच्या तुलनेत विमान अधिक वेगाने धावत असते. म्हणून उड्डाणासाठी धावपट्टी जास्त लागते आणि वर चढण्याचा वेग मंदावतो. हे गणित पुस्तकातून पाठ होते, पण सकाळी सातला आणि दुपारी दोनला तेच विमान, तेवढेच वजन घेऊन उडवले आणि दोन्ही वेळची धाव मोजली, तर ते विद्यार्थ्याच्या अंगात मुरते. अर्थात, शेजारी जाणता प्रशिक्षक बसलेला असायला हवा.

केवळ अनुभवाच्या तासांवर विसंबता येत नाही, हे १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळलेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानाने दाखवून दिले. वेगमापक नळ्या बर्फाने तात्पुरत्या बंद झाल्या, स्वयंचलित नियंत्रण सुटले, आणि गोंधळलेल्या वैमानिकाने विमानाचे नाक वर ओढून धरले. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल एकदम घटते. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. त्यातून बाहेर पडण्यासाठी नाक खाली करावे लागते. त्या विमानातील तिन्ही वैमानिकांकडे हजारो तासांचा अनुभव होता, तरीही २२८ जणांचा जीव गेला. त्यानंतर जगभर अशा अनपेक्षित अवस्था ओळखण्याच्या आणि त्यांतून सावरण्याच्या प्रशिक्षणावर भर वाढला, आणि परिस्थितीचे भान, निर्णय, संवाद अशा क्षमता स्वतंत्रपणे तपासण्याची पद्धत रुजू लागली.

या पद्धतीचा कणा प्रशिक्षक हाच असतो. विकसनशील देशांत शिकवण्याची नोकरी बहुधा एअरलाइनमध्ये शिरेपर्यंतची पायरी ठरते, आणि अनुभव जमू लागताच माणूस निघून जातो. नव्या विमानांइतकाच पैसा अनुभवी प्रशिक्षक टिकवण्यासाठी खर्च व्हायला हवा, असे मी आग्रहाने म्हणेन.

बेळगावचा पाऊस हा आणखी एक प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर ढग खाली उतरतात, दिसण्यावर विसंबणारी उड्डाणे दिवसचे दिवस थांबतात आणि नुकताच बसलेला हात सुटतो. हे महिने सिम्युलेटरवर उपकरणांच्या आधारे उडण्यासाठी राखून ठेवता येतात. इंजिन बंद पडण्यासारखा प्रसंग तिथे विनाधोका दहादा उभा करता येतो, आणि प्रत्येक वेळी मध्येच थांबून त्या क्षणी हात कुठे होता आणि नजर कुठे होती, हे प्रशिक्षक विद्यार्थ्यालाच सांगायला लावू शकतो.