छायाचित्रणातील रंगास्वाद

छायाचित्रातला रंग वस्तूचा किती, उजेडाचा किती आणि फिल्मचा किंवा कागदाचा किती, हे ओळखून चित्र पाहण्याची रीत.

रंगीत छायाचित्रणाचा आरंभ सामान्यतः जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्या १८६१ मधील लंडनच्या प्रात्यक्षिकापासून धरतात. टॉमस सटन यांनी एका रंगीत फितीची तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांतून (फिल्टरांतून) वेगवेगळी छायाचित्रे घेतली; ती त्या-त्या रंगाच्या प्रकाशात पडद्यावर एकावर एक टाकण्यात आली. मात्र त्या काळी फिल्मऐवजी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या पट्टिका तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. मग तांबडा उमटला कसा? सुमारे शंभर वर्षांनी झालेल्या पडताळणीतून असे दिसले, की फितीचा तांबडा भाग जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरणही परावर्तित करीत असावा आणि तेच गाळणीतून पार होऊन पट्टिकेवर उमटले. म्हणजे तो पहिला तांबडा तांबड्या प्रकाशाचा नव्हताच. व्यवहारात रुळलेली पहिली पद्धत म्हणून ल्यूम्येर बंधूंच्या ऑटोक्रोमला (१९०७) अग्रमान देतात व तो रास्त आहे. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण हीच तिची गाळणी. तत्त्वाचे श्रेय तरीही मॅक्सवेल यांनाच द्यावे लागते. कोडाक्रोम या रंगीत फिल्मपासून (१९३५) पुढचा इतिहास सुपरिचित आहे. भारतात छायाचित्रकार रघुवीर सिंग (१९४२–९९) यांनी रंग हाच भारतीय दृष्टीचा गाभा असल्याची भूमिका घेतली.

गोव्यात रंगास्वादाचा प्रश्न भिंतींपाशी येतो. पणजीच्या फोंतेन्हास भागातील घरे पिवळी, निळी, तांबडी. चर्च मात्र पांढरे. पोर्तुगीज अमलात पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवला होता, असे सर्रास सांगतात. तो कायदा होता की रूढी, याविषयी एकमत नाही. रंगीत घरांच्याही दारा-खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या असतात. तेव्हा सरसकट मनाईपेक्षा रूढी मानणे अधिक सयुक्तिक. छायाचित्रकाराला या पांढऱ्याची अडचण वेगळीच: कॅमेऱ्याचा प्रकाशमापक उन्हातले चर्च करडे करून टाकतो, म्हणून प्रकाशन (एक्स्पोजर) एक-दोन स्टॉप, म्हणजे दुप्पट ते चौपट, वाढवावे लागते.

जुने गोवे येथील बॉम जिझस बॅसिलिकेचा तांबडेपणा छायाचित्रांतून जगभर गेला आहे. तो चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा. पण बाहेरचा गिलावा उतरवला गेला तो साधारणतः १९५० च्या आसपास. त्यामुळे त्याआधीच्या कृष्णधवल छायाचित्राला आज कोणी रंग भरताना भिंती तांबड्या केल्या, तर ती चूकच ठरेल. पावसात भिजलेला चिरा अधिक गडद दिसतो, कारण पाण्याच्या थरामुळे खडबडीत पृष्ठावरून विखुरणारा पांढुरका प्रकाश घटतो. त्यावरची उरलीसुरली चकाकी ध्रुवक गाळणी (पोलरायझर) फिरवून बरीच कमी करता येते. ढगाळ उजेडात छाया निवळतात, पण चित्रावर निळसर झाक येते. कॅमेऱ्याचे श्वेत संतुलन (व्हाइट बॅलन्स) ढगाळ हवेनुसार ठेवले नाही, तर तोच चिरा जांभळट उतरतो.